एक तंबोरा, तीन कामं: पॉडकास्ट, व्हिडिओ आणि चाल एकत्र शिकताना

पॉडकास्ट करायचाय, व्हिडिओही करायचाय आणि पेटीवर सुचलेल्या चाली वहीत पडून आहेत, अशी मुलं-मुली सांगलीत पुष्कळ आहेत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आधी काय शिकू?" मी सांगते, तिन्ही एकदम शिका. फक्त विषय एक घ्या, आणि त्याचा आवाज एकदाच पण जीव लावून साठवा. त्याच साठ्यातून अठरा-वीस मिनिटांचा भाग निघतो, चार मिनिटांचा व्हिडिओ निघतो आणि दोन मिनिटांची रचनाही. तीन निराळे विषय घेऊन बसलात तर तिन्ही अर्धवट राहतात. माझी पहिली दोन वर्षं तशीच गेली.

आपल्या गावाला ही रीत परकी नाही. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत नाटक उभं केलं तेव्हा पदं रचायची, नटांना शिकवायचं, खेळ बसवायचा, हे सगळं त्यांच्याकडेच होतं. सूत्रधार पदं गायचा आणि त्या गाण्यातून गोष्ट पुढे सरकायची. शब्द, दृश्य आणि चाल तेव्हाही एकाच हातात होती.

खाली जी वाट सांगते आहे ती एका उदाहरणाभोवती आहे: मिरजेतल्या तंबोऱ्याच्या कारखान्याभोवती. तुमचा विषय हळदीचा बाजार असेल, बेदाण्याचं शेड असेल, हरिपूरचा संगम असेल. पायऱ्या त्याच राहतील.

विषय निवडताना कानाला विचारा

विषयाला स्वतःचा आवाज आहे का, हे आधी बघा. "सांगलीचा इतिहास" या विषयाला आवाज नाही. हळदीच्या सौद्याला आहे, उसाच्या गाडीला आहे, पहाटेच्या कृष्णाघाटाला आहे. मिरजेची सतारमेकर गल्ली मी निवडली ती याच कारणासाठी. तिथे लाकडावर रंधा चालतो, भोपळा घासला जातो, खुंटी पिळताना करकरते, आणि शेवटी तारा बोलतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे बाहेरच्या श्रोत्यालाही या कामाबद्दल उत्सुकता आहे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले, 1937 साली गेल्यावर त्यांना मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात जागा मिळाली. म्हणजे ज्या गावात वाद्य घडतं त्याच गावात ते वाजवायची आणि ऐकायची परंपराही आहे. असा विषय तिन्ही माध्यमांना पुरून उरतो.

निवड झाली की एका कागदावर तीन रकाने पाडा: जे फक्त सांगता येतं, जे फक्त दाखवता येतं, जे फक्त वाजवता येतं. कारागिराने वडिलांच्या हाताखाली पहिल्यांदा घोडी (जिच्यावरून तारा जातात ती पट्टी) घासली तो दिवस सांगण्याचा आहे. वाळक्या भोपळ्याला दांडी जोडली जाते ते दाखवण्याचं आहे. जवारी (घोडी बारीक घासून तारेला आणलेला झंकार) लागण्यापूर्वीचा मुका स्वर आणि लागल्यानंतरचा झंकार, हा फक्त वाजवण्याचा आहे. नवखे लोक इथेच चुकतात. डोळ्यांना जे दोन सेकंदांत कळतं ते पॉडकास्टमध्ये पाच मिनिटं सांगत बसतात, आणि जी आठवण आवाजात काळजाला भिडते तिच्यावर व्हिडिओत बोलणाऱ्याचा स्थिर चेहरा ठेवतात.

पहिल्या खेपेला माइक नेऊ नका

सांगलीहून मिरज दहाएक किलोमीटर. पहिल्यांदा मोकळ्या हातांनी जा, बसा, चहा घ्या. वयाने मोठ्या कारागिराला "काका" किंवा "चाचा" म्हणा, जसं तिथे चालत असेल तसं. कोणत्या वेळी गल्ली शांत असते, दिवे कसले आहेत, उजेड कोणत्या दारातून येतो, एवढं टिपून घ्या. तुम्ही पुन्हा येऊ का, आवाज आणि चित्र घेऊ का, ते कुठे लावणार, हे स्पष्ट विचारा. दुसऱ्या भेटीत रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर हीच परवानगी त्यांच्या तोंडून पुन्हा एकदा टेपवर घ्या.

सामान

दोन फोन, एक वायरचा कॉलर माइक, एक साधा ट्रायपॉड आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन. एवढ्यावर पहिला प्रकल्प होतो. एकाच गोष्टीवर खर्च करायचा असेल तर हेडफोनवर करा. रेकॉर्डिंग चालू असताना जो कानाने ऐकत नाही त्याला चूक घरी आल्यावरच कळते.

एक फोन आवाजासाठी, दुसरा चित्रासाठी. दोन्ही विमान मोडवर. आवाज वेव्ह फाइलमध्ये घ्या, 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिट. व्हिडिओचं काम 48 वरच चालतं, त्यामुळे पुढे रूपांतराचा घोळ होत नाही. एका माइकचं मोनो रेकॉर्डिंग असं घेतलं तर मिनिटाला साधारण 8.6 एमबी जागा लागते, तासाला अर्ध्या जीबीच्या थोडी वर. जागेची काटकसर इथे करू नका. मीटरवर शून्य म्हणजे आवाज फाटण्याची हद्द. आवाजाची पातळी अशी ठेवा की नेहमीचं बोलणं उणे 18 ते उणे 12 डेसिबलच्या आसपास हलेल आणि मोठं हसूही उणे 6 च्या वर फारसं जाणार नाही. हळू आलेला आवाज वाढवता येतो, फाटलेला सांधता येत नाही.

पंखा बंद, ट्यूब बंद, चार्जर काढलेला

ही पायरी मी सविस्तर सांगणार आहे, कारण माझं एक अख्खं रेकॉर्डिंग इथे गेलं.

आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. ट्यूबलाइटचा चोक, खराब अर्थिंग, चार्जिंगला लावलेला फोन, यांची गुणगुण 50, 100, 150 हर्ट्झ अशा पायऱ्यांनी रेकॉर्डिंगमध्ये शिरते. माणसाच्या बोलण्यातून ती बरीचशी गाळता येते. तंबोऱ्यातून नाही. काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून) लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा जोड (मधल्या दोन तारा) साधारण 138 हर्ट्झवर आणि खर्ज (शेवटची जाड तार) 69 हर्ट्झवर बोलतो. गुणगुणीच्या पायऱ्या याच स्वरांच्या शेजारी बसलेल्या असतात. मी तीन रात्री गाळण लावत बसले आणि शेवटी गुणगुण गेली, पण तंबोऱ्याचा प्राणही गेला. पुन्हा जाऊन, दिवे बंद करून, दाराच्या उजेडात रेकॉर्ड करावं लागलं. आता मी फोन बॅटरीवरच चालवते आणि खोलीतलं प्रत्येक बटण विचारून बंद करते. फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली त्यावर ठेवा, म्हणजे जाताना तो चालू करायचा विसरणार नाही.

रेडिओ किंवा मोबाइलवर गाणी चालू असतील तर नम्रपणे थांबवायला सांगा. मागे सिनेमाचं गाणं वाजत असेल तर वाक्य कापलं की गाण्यातही उडी पडते, आणि हक्काचा प्रश्न येतो तो वेगळा.

स्लॅबची, फरशीची खोली आवाज परतवते. आपल्या भागात यावर उत्तम उपाय घरोघरी आहे: वाकळ, म्हणजे जुन्या कपड्यांची जाड गोधडी. दोन वाकळा बोलणाऱ्याच्या समोरच्या भिंतीला टांगा, एक फरशीवर अंथरा. माइकचा आवाज किती सुधारतो ते लगेच हेडफोनमध्ये कळेल. सगळं झाल्यावर कोणी काही न बोलता तीस सेकंद रिकाम्या खोलीचा आवाज घ्या. पुढे वाक्यं जोडताना मधल्या फटी याच तुकड्याने भरायच्या असतात.

मुलाखत

तुमचे प्रश्न नंतर कापले जाणार आहेत, म्हणून पूर्ण वाक्यात उत्तर येईल असं विचारा. "तुम्ही किती वर्षं हे करता?" याला "चाळीस" एवढंच उत्तर येतं. "पहिल्यांदा हातात कानस घेतली तेव्हाचं सांगा" म्हटलं की गोष्ट येते. हातात काम असताना विचारा, म्हणजे बोलणं कामाभोवती फिरतं. उत्तर संपलं असं वाटलं की मनात पाच अंक मोजा. पुष्कळदा खरी गोष्ट त्या पाच अंकांनंतर येते.

बोली जशी आहे तशी ठेवा. "लई बारीक काम हाय" याला "अतिशय सूक्ष्म काम आहे" अशी जोड द्यायला निवेदनात जागा शोधू नका. मिरजेचं मराठी, दख्खनीच्या वळणाचं हिंदी, मध्येच कानडी शब्द, हे सगळं त्या गल्लीच्या आवाजाचा भाग आहे.

मुलाखत पन्नास मिनिटांत संपवा. मग माइक कॉलरवरून काढून हातात घ्या आणि नुसते आवाज गोळा करायला लागा. रंध्याची ओढ, घोडीवरची कानस, खुंटीची करकर, सरसाच्या भांड्यातला ब्रश, तार तुटताना नव्हे तर तार चढताना होणारा तो हळूहळू उंच जाणारा स्वर. प्रत्येक आवाज किमान एक मिनिट, माइक जवळ धरून. तंबोरा मात्र घोडीपासून दीड फुटावरून घ्या, फार जवळ गेलात तर एकच तार मोठी होते. चारही तारा सलग पाच मिनिटं छेडायला सांगा. आणि जवारी लागण्याआधीचा स्वर, अर्धवट लागलेला आणि पूर्ण लागलेला, असे तीन टप्पे घ्यायला विसरू नका. अख्ख्या प्रकल्पाचं हे सोनं आहे.

आता कॅमेरा

शक्य असेल तर चित्रीकरण वेगळ्या दिवशी करा. एकाच दिवशी करायचं असेल तर आधी आवाज, मग चित्र. कॅमेरा आला की माणूस ताठरतो.

फ्रेमचा वेग 25 ठेवा आणि शटर पन्नासांश सेकंद. आपल्या 50 हर्ट्झच्या दिव्यांखाली या जोडीत चित्र लुकलुकत नाही. फोनच्या मूळ कॅमेऱ्यात 25 ची सोय नसेल तर ब्लॅकमॅजिकचं फुकट कॅमेरा ॲप बघा, त्यात ती असते. तीसवरच घ्यायचं असेल तर निदान शटर पन्नासांश किंवा शंभरांश हाताने बांधून टाका. उजेड आणि फोकस लॉक करा. सुरुवातीला दोन्ही फोनसमोर एक जोरदार टाळी वाजवा, त्या टाळीवर नंतर चित्र आणि आवाज जुळतात.

प्रत्येक शॉट दहा सेकंद स्थिर धरा. अख्खी खोली, मग माणूस, मग हात, मग हातातलं हत्यार, मग त्याचे डोळे. चाळीस शॉट झाले की थांबा. नवख्या माणसाला दोनशे शॉट घ्यावेसे वाटतात, आणि मग ते बघायलाच धीर पुरत नाही.

कात्री आधी कागदावर

घरी आल्यावर त्याच रात्री फायलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढा. मग मुलाखत ऐकत ऐकत हाताने उतरवा. कंटाळवाणं काम आहे, पण मी ते कधीच टाळत नाही. उतरवताना कुठे आवाज कापला, कुठे माणूस हसता हसता गप्प झाला, हे हाताला कळतं. कागदावर तीन रंगांनी खुणा करा, पहिल्या दिवशीच्या तीन रकान्यांप्रमाणे.

पॉडकास्ट आधी बांधा. आवाज कापण्या-जोडण्याची सॉफ्टवेअरं दोन: ऑडॅसिटी फुकट आहे, रीपर साठ दिवस वापरून बघता येतं, कोणतंही चालेल. सुरुवात "नमस्कार मित्रांनो" ने करू नका. कानसेच्या आवाजाने करा, दहा-पंधरा सेकंद, मग त्यांचं एक वाक्य, आणि मग तुम्ही. पन्नास मिनिटांतून अठरा उरली पाहिजेत. श्वास सगळे कापू नका, माणूस यंत्रासारखा बोलायला लागतो.

व्हिडिओचा कणा म्हणजे पॉडकास्टमधलीच अडीच-तीन मिनिटं. व्हिडिओ जोडायला डाव्हिंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पुरते. टाइमलाइन 25 फ्रेमवर आहे ना हे पहिली क्लिप टाकण्यापूर्वी तपासा, नंतर ते बदलता येत नाही. आवाज आधी मांडा, चित्रं त्यावर बसवा. जिथे कारागीर काही विलक्षण करतो आहे तिथे बोलणं पूर्ण बंद करा, नुसता कामाचा आवाज ठेवा.

चाल कामातून काढा

इथे बहुतेक लोक इंटरनेटवरून कुठलंतरी फुकट संगीत उतरवतात आणि मागे लावून मोकळे होतात. तुमच्याकडे तंबोरा आहे, रंधा आहे, कानस आहे. दुसऱ्याचं संगीत कशाला?

कानसेच्या रेकॉर्डिंगसोबत टाळी द्या आणि पंधरा सेकंदांत किती ओढी होतात ते मोजून चारने गुणा. ती त्या माणसाच्या कामाची लय. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये ती बहात्तरच्या आसपास होती, मी रचना 75 वर बांधली. कारण साधं आहे. मिनिटाला 75 मात्रा म्हणजे एक मात्रा 0.8 सेकंदाची, आणि 25 फ्रेमच्या व्हिडिओत ती बरोबर 20 फ्रेमची होते. 60 ची लय असेल तर मात्रा 25 फ्रेमची, 100 ची असेल तर 15 फ्रेमची. हे आकडे पूर्ण येतात, म्हणून चित्राचा कट मात्रेवर अचूक बसतो. 90 घेतलीत तर मात्रा सोळा आणि दोन तृतीयांश फ्रेमची होते, आणि कट सारखा कणभर इकडेतिकडे पडतो. 75 ला केरव्याचं आठ मात्रांचं एक आवर्तन 6.4 सेकंदांचं. दोन मिनिटांत साधारण एकोणीस आवर्तनं. पहिली चार कारखान्याची, पुढची दहा रचनेची, उरलेली परत शांततेकडे नेणारी, असा आराखडा कागदावर आधी आखा.

ठेक्यासाठी तबल्याचे तयार नमुने शोधू नका. भोपळ्यावर बोटांनी ठोकलेला आवाज समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) ठेवा, कानसेची ओढ पाचव्या मात्रेवर, खुंटीची करकर कधीतरीच, चौथ्या आवर्तनात एकदा. खाली तंबोरा सलग. मग पेटी किंवा बासरी घेऊन तंबोऱ्याच्या षड्जाशी जुळवा. पेटी 440 हर्ट्झच्या ठरावीक मोजमापाला असते, तंबोरा कारागिराने कानाने लावलेला असतो, दोन्हींत थोडा फरक निघतोच. अशा वेळी पेटीच्या रेकॉर्डिंगची पट्टी सरकवा (सूर किंचित वर-खाली करा), तंबोऱ्याला हात लावू नका. पट्टी सरकवली की जवारीचा झंकार धातूसारखा होतो.

चाल छोटी ठेवा. चार-पाच स्वरांत फिरणारी एक ओळ, जी तुम्हाला घाटावर चालताना गुणगुणता येईल. माझ्या रचनेत चाल पहिल्यांदा येते तेव्हा जवारी न लागलेला तंबोरा मागे असतो, आणि तीच चाल पुन्हा येते तेव्हा जवारी लागलेली असते. स्वर तेच. ऐकणाऱ्याला फरक कळतो आणि कुठेतरी बरंही वाटतं. त्या कारागिराने आयुष्यभर काय केलं हे समजवायला मला याहून चांगला मार्ग सापडलेला नाही.

बोलण्याखाली हे संगीत ठेवताना चाल काढून टाका, नुसता तंबोरा आणि हलका ठेका ठेवा. शब्द स्पष्ट होतात ते 2 ते 4 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, तिथे संगीताला थोडा खड्डा करा, म्हणजे तेवढ्याच पट्ट्यात त्याचा आवाज कमी करा. बोलण्यापेक्षा ते 18-20 डेसिबल खाली असू द्या. वाक्य संपताच संगीत लगेच वर उचलू नका, एक मात्रा थांबा.

हक्कांचं थोडं

1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे रचनेवरचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतो, ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं. म्हणजे तुकोबांचा अभंग तुम्ही खुशाल नव्या चालीत बांधा. पण त्याच अभंगाची गाजलेली चाल किंवा तिचं रेकॉर्डिंग घेणं वेगळं. तुमच्यासाठी मित्राने बासरी वाजवली तर त्याचाही हक्क असतो. एका पानावर लिहून घ्या: नाव कसं द्यायचं, पैसे आले तर कसे वाटायचे. मैत्री आहे म्हणूनच लिहून घ्या.

बाहेर पाठवताना

पॉडकास्ट उणे 16 एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप), व्हिडिओ उणे 14 वर, आणि दोन्हींत सर्वांत उंच टोक उणे 1 डेसिबलच्या खाली. त्याहून मोठा आवाज पाठवलात तर यूट्यूब तो स्वतःच खाली आणतं, तुमच्या हाती फक्त चिरडलेलं ध्वनिमुद्रण उरतं. आपल्या भागात ऐकवायचं असेल तर माणदेशातली म्हसवडची सामुदायिक रेडिओ वाहिनी माणदेशी तरंग लक्षात ठेवा. अशा वाहिन्यांना आपल्या मातीतलं ऐकवायला आवडतं. पाठवण्याआधी विचारा.

पण सगळ्यांत आधी ते ज्याचं आहे त्याला ऐकवा. व्हॉट्सॲपवर पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हिडिओ दाबला जातो. मी स्वतः गेले होते. काकांनी फोन कानाजवळ धरला, अख्खी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "खर्ज कुठं हाय?" फोनच्या इवल्या स्पीकरमधून 69 हर्ट्झ बाहेर पडतच नाही. मी तिथेच बसून मिक्स उघडला. खर्जाच्या तारेचे वरचे झंकार, 138 पासून 600 हर्ट्झपर्यंतचे, तीन डेसिबल वाढवले. झंकार पुरेसे असले की कान खालचा स्वर आपणच भरून काढतो. जवारीची करामतही तीच आहे. पुन्हा ऐकवलं. त्यांनी फोन कानापासून थोडा लांब नेला, मग पुन्हा जवळ आणला, आणि शेजारच्या दुकानातल्या भावाला हाक मारली.